पाचव्यांदा मोजलं तेव्हा

दत्ता, तू गेलास त्याला आज बावीस दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलो आहे. लोक म्हणतात, हनीफभाऊ, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मग कोणावर धरू? जिवंत होतास तेव्हा तू मला धड रागावूही दिलं नाहीस. मी तापलो की म्हणायचास, "दहा वेळा खोल श्वास घे, हन्या," आणि मी मूर्खासारखा श्वास घेत बसायचो. आता घेणार नाही. आता मी या कागदावर बोलणार आणि तू ऐकणार. मध्ये शिट्टी वाजवायची नाही.

पीटीचा मास्तर म्हणून तू रिटायर झालास, पण गावाला तू रिटायर होऊ दिलं नाहीस. सकाळी सहाला शाळेच्या ग्राउंडवर तुझी शिट्टी वाजली की नाक्याकडच्या रस्त्यावरची कुत्रीसुद्धा उठून बसायची. चाळीस-पन्नास माणसं जमवली होतीस तू, सगळी पन्नाशीच्या पुढची. धोतरवाले, पायजमावाले, नातवाची टी-शर्ट घालून आलेले. हळदीच्या काढणीनं पाठी मोडलेल्या माणसांना तू सूर्यनमस्कार घालायला लावायचास. बायकांचा घोळका वेगळा, पिंपळाच्या बाजूला. वर तुझे नेम. उठल्यावर तांब्याभर कोमट पाणी. घास बत्तीस वेळा चावायचा. ताटात वरून मीठ घ्यायचं नाही. शेतातून आलं की आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, मग लेकराला उचलायचं. दिवे लागायच्या आत जेवण. कोणाच्याही घरी पंगतीला गेलास तरी समोरच्याच्या ताटातला मिठाचा ढीग तू बोटानं बाजूला सारायचास. यजमानाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

माझा तंबाखू तू कसा सोडवलास, ते मी अजून माझ्या सुनांनाही सांगितलेलं नाही. नाक्यावर बस थांबते तिथं आपण उभे होतो. मी तळहातावर तंबाखू घेऊन चुना लावला, मळायला लागलो. पायातल्या चपला काढल्यास आणि भर रस्त्याच्या कडेला जोर मारायला लागलास. वय साठ! मी म्हटलं, "उठ बे, काय करून राहिला?" तू खालूनच म्हणालास, "तू मळ. तू थांबला की मी थांबतो." मीही हट्टाला पेटलो. मळत राहिलो. ढाब्यावरची माणसं बाहेर आली, दोन ट्रकवाले उतरले, एकजण मोठ्यानं आकडे म्हणायला लागला. चाळिसाव्या जोराला तुझे हात थरथरायला लागले आणि तुझ्या नाकावरून घाम टपकताना मला दिसला. मी तंबाखू फेकून दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी तोंडात चिमूट धरलेली नाही. माझ्या दोन्ही भावांचा जबडा कॅन्सरनं गेला, दत्ता, माझा शाबूत आहे. हे तुझं देणं आहे आणि ते मी नाकारत नाही. म्हणून तर जास्त राग येतो.

कारण ज्यानं माझा जबडा वाचवला, त्याला एक गोळी गिळता आली नाही.

मी तीस वर्षं नाक्यावरच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. डॉक्टर गाव सोडून मुलाकडे राहायला गेले तेव्हा त्यांचं जुनं, पाऱ्याचं बीपीचं मशीन मला देऊन गेले. गेल्या वर्षी, हळद शिजवायचे दिवस होते, गावभर त्याचा वास भरलेला, तू माझ्या ओसरीवर आलास आणि म्हणालास, मानेच्या मागं दुखतंय. मी दंडाला पट्टा बांधला, पारा चढवला, कानात नळ्या घातल्या. एकशे ऐंशी. मी तोंडावर काही दाखवलं नाही, पण तू आकडा विचारलास आणि मी सांगितला.

"नीट ऐक. कान गेले तुह्ये."

दुसऱ्यांदा मोजलं. तेवढंच.

"आत्ता चालून आलो नं मी. थांब जरा."

तू डोळे मिटून, मांडी घालून, श्वास आत-बाहेर करत बसलास. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा. एकदाही एकशे सत्तरच्या खाली उतरलं नाही. तू पट्टा स्वतःच ओढून काढलास. मशीन खराब आहे म्हणालास. त्याच मशीननं मी गावातल्या शंभर माणसांना डॉक्टरकडे पाठवलं होतं, आणि त्यातली निम्मी तूच हाताला धरून माझ्याकडे आणली होतीस.

शेवटी मी तुला मोटारसायकलवर बसवून हिंगोलीला नेलं. गावात तू सांगितलंस, पेन्शनचं काम आहे. डॉक्टर तरुण होता, नम्र होता. त्यानं तपासलं, रक्त-लघवी बघितली, गोळी लिहून दिली. चालणं, कमी मीठ, सगळं चालू ठेवा म्हणाला, उत्तम आहे, पण तुमच्या बाबतीत तेवढ्यानं भागणार नाही. रोज एक, न चुकता, बरं वाटलं तरी बंद करायची नाही. तू मान हलवलीस, ती मला अजून दिसते. शाळेत हेडमास्तरांसमोर हलवायचास तशीच.

परत येताना तू गाडी थांबवायला लावलीस. रस्त्याच्या कडेला सोयाबीनच्या मोकळ्या रानाजवळ. तिथं माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवलास आणि म्हणालास, "माह्या गळ्याची आण हाय तुला. कोणाला सांगायचं न्हाई. सुमनलाबी न्हाई."

"काहून? चोरी केली का तू?"

"गावाला सांगून राहिलो, सवयी ठेवा, बिमारी येत न्हाई. आन मीच गोळी खाऊ? उद्या ग्राउंडवर कोण येईल?"

मी तेव्हाच तुझ्या कानाखाली वाजवायला हवी होती. बीपी काय दारू पिऊन आलं होतं तुझ्याकडे? तुझ्या वडिलांना होतं, आजोबा असेच बसल्या जागी गेले. रक्तातून आलेली गोष्ट, त्यात लाज कसली? पण तुला वाटलं, आजार म्हणजे हार. दुसऱ्याला आजार झाला तर तू त्याच्या घरी दुधीचा रस घेऊन जायचास, आणि स्वतःला झाला तर माझा गळा धरलास. म्हणजे तुझा, पण माझ्या हातानं.

गोळ्या माझ्या घरी राहिल्या. तुझ्या बायकोला, सुमनवहिनींना, पाकीट सापडू नये म्हणून माझ्या बायकोच्या, शमीमच्या, शिवणाच्या डब्यात. ग्राउंड सुटलं की तू घाम पुसत यायचास, शमीम पाणी द्यायची, तू तिच्याकडे पाठ करून गोळी टाकायचास. आठ महिने. तुझं बीपी खाली आलं, मानेचं दुखणं गेलं. मी मनात म्हटलं, चला, लपून का होईना, खातोय ना. माझीही अक्कल तेव्हा चरायला गेली होती.

मग गेल्या दसऱ्याच्या सुमाराला तू म्हणालास, "बघ, एकशे तीस. आता बास. गोळीची सवय लागते शरीराला."

त्यावर आपलं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. मी म्हटलं, "हळदीच्या रानात राखणदार बसवला म्हणून डुकरं येईनात. डुकरं येईनात म्हणून तू राखणदार उठवतो का?" तू हसलास. म्हणालास, मी कुंपण मजबूत केलंय. दुधी, लसूण, शेवगा, चालणं, हे माझं कुंपण. मी म्हटलं, कुंपण राहू दे की, पण राखणदार काहून हाकलतो? तू उठून गेलास. शिवणाचा डबा तसाच राहिला. त्यात तुझी दोन पाकिटं अजून आहेत, एकही गोळी न फोडलेली.

आता पुढचं जे आहे ते लिहायला मला तीन दिवस लागले.

गोळी सोडून महिना झाला आणि तू पुन्हा ओसरीवर आलास. मला खोटं पाडायला आला होतास तू, मोज म्हणालास. मोजलं, चढलेलं. पुन्हा मोजलं, चढलेलं. तू डोळे मिटलेस. पाठ ताठ, हात मांडीवर, श्वास लांब, आपल्या चाळीस माणसांना शिकवतोस तस्सा. चौथ्यांदा मोजलं. मी आकडा सांगितला तेव्हा तुझ्या ओठांची कड हलली. पोरं निकालाच्या दिवशी फळ्यासमोर उभी राहतात, तसं तोंड झालं होतं तुझं, आणि मला ते बघवेना. पाचव्यांदा पारा एकशे ऐंशीला असतानाच माझ्या कानात ठोके वाजायला लागले. ते ठोके फक्त मला ऐकू येत होते. तुला नुसता पारा खाली उतरताना दिसत होता, कुठं ठोका सुरू झाला ते मी सांगेन तेच खरं. मी पारा उतरू दिला, उतरू दिला आणि म्हणालो, "एकशे छत्तीस."

तू डोळे उघडलेस. "बघ!" म्हणालास. माझ्या पाठीवर अशी थाप मारलीस की नळ्या कानातून निघाल्या. त्यानंतर तू कधीच मोजायला आला नाहीस.

मला वाटलं होतं, एखाद-दोन दिवसांनी बोलू, शांतपणे पटवू. मग कापूस आला, मग लग्नसराई, मग माझ्या नातवाचा ताप. रोज तू दिसायचास, रोज तुझा चेहरा लाल दिसायचा, रोज मी स्वतःला सांगायचो की उन्हानं असेल. सकाळी सहाला कुठलं आलंय ऊन?

तू ग्राउंडवरच पडलास. नवव्या सूर्यनमस्काराला खाली वाकलास आणि वर आलाच नाहीस. सगळ्यांना वाटलं, मास्तर नवीन काहीतरी करून दाखवतायत. दोघं-तिघं तुझं बघून तसेच खाली पडून राहिले. हसू येतं का तुला यावर? मला येतं आणि मग मला स्वतःचीच किळस वाटते. डोक्यातली नस फुटली होती. हिंगोलीपर्यंत तुझा श्वास होता. माझा हात तुझ्या हातात होता, आणि तुझी नखं नेहमीप्रमाणे स्वच्छ कापलेली होती.

आता तू गेल्यावर काय झालं ते सांगतो. तुला कळायलाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर कोणी आलं नाही, ते ठीक, सुतक होतं. चौथ्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही. पारावर बोलणं सुरू झालं. "येवढं पथ्य केलं, काय झालं?" "व्यायामानंच गेला ना मास्तर. हृदयावर ताण येतो म्हणत होते टीव्हीवर." "आपून खाऊन-पिऊन मरू बाबा." ज्या गणपतरावांचं तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचं व्यसन सोडवायला तू दीड वर्ष त्यांच्या मागं लागला होतास, ते पुन्हा गाल फुगवून बसले. चालणाऱ्या बायका बंद झाल्या, कारण सासवा म्हणाल्या, चालून चालून मास्तर गेले, तुमी काय येगळ्या?

पस्तीस वर्षांचं काम दत्ता, तेरा दिवसांत पाण्यात. आणि ते पाण्यात घालणारी गोष्ट पुरती फक्त दोन माणसांना माहीत. त्यातला एक तू.

तेरवीच्या आदल्या दिवशी मी शमीमला सगळं सांगितलं. गळ्याची आण सांगितली, एकशे छत्तीस सांगितलं. ती शिवत होती. तिनं सुई खाली ठेवली नाही. म्हणाली, "मरे हुए को कसम नै लगती जी. जो हैं, उनका सोचो." मी म्हटलं, त्याची इज्जत जाईल. ती म्हणाली, "और तुम्हारी?" बराबर ओळखलं होतं तिनं. तुझ्या इज्जतीच्या मागं मी माझी लपवून राहिलो होतो.

तुझ्या तेरवीच्या मांडवात, तुझ्या फोटोसमोर, पंगत उठल्यावर तंबाखूची पिशवी फिरत होती. गणपतराव बोलत होते की माणसाच्या हातात काही नाही, मास्तरासारखा मास्तर गेला, मग सवयींचं कौतुक कशाला. आजूबाजूचे माना डोलवत होते. माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो आणि ओरडलो. ओरडलोच, बोललो नाही.

"सवयींनी न्हाई मेला तो! गोळी सोडली म्हणून मेला!"

मग सगळं सांगितलं. हिंगोली, गोळी, शिवणाचा डबा. सवयी होत्या म्हणून एवढी वर्षं टिकला, पण त्याच्या रोगाला गोळीही लागत होती, आणि ती खायची त्याला लाज वाटली. मग पाचव्यांदा मोजलेलं सांगितलं. "मी खोटं बोललो," म्हटलं, "त्याच्या तोंडाकडं बघून खोटं बोललो."

सुमनवहिनी दारात येऊन उभ्या होत्या, कधीपासून ते माहीत नाही. तुझ्या बायकोचा आवाज मी चाळीस वर्षांत कधी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशीही चढला नाही.

"हनीफभाऊ, त्यायनं दुधी मागितला, म्या दुधी देला. कारलं मागितलं, कारलं देलं. बिनमिठाची भाजी मागितली, तेबी देली, आन तेच खाल्ली म्याबी. गोळी मागितली असती तर देली नसती का म्या?"

मी फोटोतल्या तुझ्याकडे बघितलं.

"मला सांगितलं असतं तर भाकरीत कुटून घातली असती," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

हे ऐकलंस का तू? ज्या बाईपासून लपवलंस, तिच्या हातात तुझा जीव होता. तिच्याकडून तुला कसली भीती होती? ती तुला कमी मास्तर समजली असती? तिनं तुझी बिनमिठाची भाजी खाल्ली रे, चाळीस वर्षं, तिला गरज नसताना.

गरज नसताना, असं मी समजत होतो.

तेरवीनंतर चौथ्या दिवशी सकाळी त्या माझ्या ओसरीवर आल्या. माझ्याशी बोलत नव्हत्या, अजूनही फारशा बोलत नाहीत. बसल्या, पदर सावरला, दंड पुढं केला आणि म्हणाल्या, "लावा." मी पट्टा बांधला. दत्ता, गावातल्या प्रत्येक माणसाचा दंड तू माझ्यासमोर आणून ठेवलास. ढाब्यावरचे आचारी आणलेस, शाळेचा शिपाई आणलास, एकदा तर रस्ता चुकलेला ट्रकवाला आणलास. आणि तुझ्या घरातल्या बाईच्या दंडाला हा पट्टा कधी लागला नव्हता. तू आणली नाहीस, मी बोलावली नाही. आपण दोघं कसले शहाणे?

एकशे चौऱ्याहत्तर. पाच मिनिटं बसवून पुन्हा घेतलं, एकशे बाहत्तर. जे ऐकलं तेच सांगितलं.

"डॉक्टरला दाखवावं लागेल, वहिनी."

"चला मग."

"गाडीवर नेतो."

"गाडीवर न्हाई. बसनं जाईन. तुमी नुसते संगं या."

नाक्यावर बसची वाट बघत उभे राहिलो. ओळखीची दहा-बारा माणसं होती. गणपतरावही होते, गालात खर्रा. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "कुठं निघाले वहिनी? पेन्शनचं काम का?"

वहिनींनी त्यांच्याकडे सरळ बघितलं. "न्हाई. बीपी हाय मला. गोळी लागू कराया चालले," त्या म्हणाल्या, ढाब्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "मास्तरनं लपवून ठेवली. म्या सांगून खाईन."

बस आली, त्या चढल्या, पुढची जागा धरून बसल्या. मी पायरीवर पाय ठेवला तेवढ्यात गणपतरावांनी मागून माझी बाही धरली. इकडं-तिकडं बघितलं, तोंड माझ्या कानाजवळ आणलं आणि पुटपुटले, "हनीफ, घरी कधी असतो तू? माह्यं बी जरा..."

दत्ता, इतक्या दिवसांचा सगळा राग माझ्या तोंडात आला. "हळू काहून बोलता?" मी ओरडलो. "काय चोरी केली का? मोठ्यानं विचारा!"

कंडक्टर थांबला. गणपतराव लाल झाले. बाजूला वळून त्यांनी खर्रा थुंकला, तोंड पुसलं, आणि मग, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं विचारलं.